तार आहे, मग भीती कशाची? मार्मोलादाच्या निमित्ताने वीया फेराता समजून घेताना

मोबाइलवर अधूनमधून एक रील फिरत असतं. उभा पांढरट कडा, खाली हजारभर फूट पोकळी, आणि लाल हेल्मेट घातलेली माणसं एका तारेला धरून ओळीने त्या कड्यावर चढतायत. खाली आपल्या लोकांच्या कमेंट्स ठरलेल्या: 'बापरे', 'हे कुठे आहे?', आणि तिसरी, जी मला जास्त खटकते, 'दादा, बेल्ट लावलाय ना, काय होतंय!'

बहुतेक वेळा ते ठिकाण असतं उत्तर इटलीतले डोलोमाइट्स पर्वत. कोर्तिना गावाची २०२६ च्या हिवाळी ऑलिम्पिकसाठी मिलानबरोबर निवड झाली आणि या भागाचं नाव आपल्याकडेही ऐकू यायला लागलं. युरोप टूरवर जाणारे मराठी ग्रुप हल्ली 'एक दिवस वीया फेराता' असं कार्यक्रमात घालून घेतात. याच पर्वतांतलं मार्मोलादा हे शिखरही बातम्यांत आलं होतं, पण वाईट कारणाने. ३ जुलै २०२२ रोजी तिथल्या हिमनदीचा एक मोठा तुकडा तुटून खाली आला आणि ११ माणसं गेली.

रीलमधली तार आणि बातमीतला बर्फ एकाच डोंगरावरचे आहेत. तेव्हा मार्मोलादालाच धरून हा प्रकार समजून घेऊ.

मुळात हे आहे काय?

वीया फेराता म्हणजे कड्यावर कायमची बसवलेली लोखंडी वाट. बोटाएवढ्या जाडीची पोलादी तार कातळाला लागून वर नेलेली असते. दर काही मीटरवर कातळात भोक पाडून लोखंडी खुंटी ठोकलेली असते आणि तार तिला पक्की केलेली असते. जिथे पाय ठेवायला काहीच नाही तिथे पायऱ्यांसारख्या सळ्या, कुठे शिडी, कुठे दोन सुळक्यांमध्ये तारेचा पूल.

चढणाऱ्याच्या कमरेला हार्नेस असतो. त्यातून दोन पट्टे निघतात आणि प्रत्येकाच्या टोकाला एक कॅराबिनर, म्हणजे आपोआप बंद होणारी कडी. दोन्ही कड्या तारेत अडकवायच्या आणि चालू पडायचं. खुंटी आली की पहिली कडी काढून खुंटीच्या पुढे लावायची, मग दुसरी. दोन्ही एकदम कधीच काढायच्या नाहीत. असं दिवसातून शंभर-दोनशे वेळा. हात दमलेले, हातमोजे ओले, मागचा माणूस घाई करतोय, अशा वेळी हे साधं काम चुकतं. म्हणून चांगले गाइड पहिला अर्धा तास फक्त हात बघतात: खुंटीजवळ आल्यावर माणूस आधी थांबतो का, तोल सावरतो का, की चालता चालता कडी काढतो.

अवघडपणाची श्रेणी ऑस्ट्रियन पद्धतीत ए पासून एफ पर्यंत असते. ए म्हणजे कठडा असलेली पायवाट, सी म्हणजे दंडात ताकद हवी, आणि ई-एफच्या नादी तुम्ही-आम्ही लागायचं नाही. एवढं पुरे.

हा कातळ असा उभा का?

डोलोमाइट्स नावाने ओळखले जाणारे बरेचसे डोंगर डोलोमाइट या खडकाचे आहेत. चुनखडीत कॅल्शियम असतं, यात त्याच्या जोडीला मॅग्नेशियमही. १८ व्या शतकाच्या शेवटी देओदा द दोलोमिउ या फ्रेंच भूवैज्ञानिकाने हा खडक वेगळा ओळखला आणि त्याचंच नाव आधी खडकाला, मग डोंगरांना चिकटलं. गंमत अशी की या डोंगरांतलं सर्वांत उंच शिखर, ३३४३ मीटरचं मार्मोलादा, मुख्यतः साध्या चुनखडीचं आहे.

सुमारे २४ कोटी वर्षांपूर्वी इथे उथळ, उबदार समुद्र होता. शेवाळं, स्पंज आणि सूक्ष्म जीवांनी तयार केलेला चुन्याचा गाळ त्यात थरावर थर साचला. पुढे आफ्रिकेकडचा भूभाग युरोपावर रेटला गेला, आल्प्स वर आले आणि समुद्राचा तळ आभाळाला भिडला. आपला सह्याद्री लाव्हाचा, वयाने साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास. जन्म अगदी वेगळा, पण एका बाबतीत दोघांचं जमतं: थर. थर आडवे असले की कडे उभे तुटतात आणि मध्येमध्ये आडव्या पट्ट्या राहतात. रतनगड-हरिश्चंद्रगडाच्या भागात भटकणाऱ्याला कड्याच्या पोटातून जाणारी अरुंद आडवी वाट नवी नाही. डोलोमाइट्समध्ये याच पट्ट्यांवरून तारा गेल्यात. ब्रेंता भागातली बोकेत्ते ही प्रसिद्ध वाट तर बहुतेक शिखरांना न शिवता अशा पट्ट्यांवरूनच फिरत राहते. तिचं काम १९३० च्या दशकात सुरू झालं.

ठणठणीत चुनखडीत खुंटी घट्ट बसते, हा तिचा गुण. अवगुण दोन. पावसाचं पाणी किंचित आम्लधर्मी असतं, ते चुनखडी विरघळवत भेगा रुंद करतं. त्या भेगांत रात्री पाणी गोठतं, फुगतं आणि खडक सुटा करतं. त्यामुळे दगड पडत राहतात आणि कड्याच्या पायथ्याशी घसारा साचतो. दुसरं म्हणजे लाखो बुटांनी घासून चुनखडीला काचेसारखी चकाकी येते. आपला बेसॉल्ट कोरडा असला की बूट धरून ठेवतो. तो भरवसा गर्दीच्या वाटांवरच्या चुनखडीवर ठेवायचा नाही.

तारा कुणी लावल्या?

'पहिल्या महायुद्धात सैनिकांनी', हे उत्तर सगळीकडे वाचायला मिळतं आणि ते अर्धंच खरं आहे.

ऑस्ट्रियातल्या दाखश्टाइन या चुनखडीच्याच डोंगरावर १८४३ साली फ्रीडरिख सिमोनी या संशोधकाच्या पुढाकाराने लोखंडी कड्या, दोर आणि खोदलेल्या पायऱ्यांची वाट झाली होती. मार्मोलादाच्या पश्चिम धारेवर १९०३ मध्ये जर्मन-ऑस्ट्रियन आल्पाइन क्लबच्या न्यूरेंबर्ग शाखेने सळ्या ठोकल्या. आज जगातल्या जुन्या वीया फेरातांमध्ये तिची गणती होते. ही कामं शिखर बघायला येणाऱ्या हौशी मंडळींसाठी होती.

त्याच्या दोनच वर्षं आधी, १९०१ मध्ये, बिआट्रिस टोमॅसन ही इंग्लिश बाई मिकेले बेत्तेगा आणि बार्तोलो झागोनेल या दोन स्थानिक गाइडना घेऊन याच डोंगराचा दक्षिण कडा चढून गेली होती. आठशे ते हजार मीटर उंचीची ती भिंत, आणि ती चढली ती लांब घागरा आणि तागाच्या दोरांच्या जमान्यात. म्हणजे एकाच डोंगराच्या एका अंगाला सळ्या लागत होत्या आणि दुसऱ्या अंगाला सळ्यांवाचून त्या काळातली एक थोर चढाई होऊन गेली होती.

मग युद्ध आलं. मे १९१५ मध्ये इटलीने ऑस्ट्रिया-हंगेरीविरुद्ध युद्ध पुकारलं आणि सरहद्द या शिखरांवरून गेली. दोन्ही सैन्यांना माथे हवे होते, कारण माथ्यावरून खालची खिंड आणि रस्ता टप्प्यात येतो. माथ्यावर माणूस चढवला की त्याला भाकरी, दारूगोळा, लाकूड, पाणी सगळं पोचवावं लागतं, आणि तेही रात्री, पाठीवर ओझं घेऊन, बर्फातून. म्हणून दोर, लाकडी शिड्या, लोखंडी खिळे, फळ्यांचे पूल. कड्यांच्या पोटात बोगदे. लागाझुओई आणि तोफाना या शेजारच्या डोंगरांत तर एकमेकांच्या ठाण्यांखाली सुरुंग पेरले. ११ जुलै १९१६ ला इटालियनांनी तोफानाजवळच्या कास्तेलेत्तो सुळक्याखाली ३५ टन स्फोटकं उडवली. त्या सुरुंगाचा बोगदा आज वीया फेराताचा भाग आहे. डोक्याला टॉर्च लावून, ओल्या अंधारात, सैनिकांनी फोडलेल्या भिंतींना हात लावत वर जायचं.

मार्मोलादावरची तऱ्हा आणखी वेगळी. ऑस्ट्रियन सैन्याच्या ताब्यात हिमनदी होती आणि वरून इटालियन मारा करत होते. लेओ हांडल या अधिकाऱ्याने हिमनदीच्या पोटातच बोगदे खणायला लावले. जवळपास १२ किलोमीटर लांबीचं ते बर्फातलं गाव झालं: झोपायच्या खोल्या, स्वयंपाकघर, कोठार, दवाखाना. आत तापमान शून्याच्या आसपास, पण बाहेरच्या वाऱ्यापेक्षा आणि गोळ्यांपेक्षा ते बरं.

१३ डिसेंबर १९१६ च्या पहाटे याच डोंगरावरच्या ग्रान पोत्स इथल्या लाकडी बराकींवर हिमलोट कोसळला आणि अडीचशेहून जास्त ऑस्ट्रियन सैनिक गाडले गेले. तिथल्या अधिकाऱ्याने तळ हलवण्याची परवानगी आधीच मागितली होती. वरिष्ठांनी ती दिली नव्हती. या आघाडीवर शत्रूच्या गोळीपेक्षा डोंगराने जास्त माणसं मारली, असं इतिहासकार मांडतात, ते अशा घटनांवरून.

युद्ध संपल्यावर दोर कुजले, शिड्या मोडल्या. नंतरच्या दशकांत इटालियन आल्पाइन क्लबने आणि स्थानिक गाइडनी त्याच वाटांवर पोलादी तारा घातल्या. आज आपण धरतो ती तार या नंतरच्या पिढीची. वाट मात्र बऱ्याच ठिकाणी रसद वाहणाऱ्या शिपायांचीच आहे. हे लक्षात ठेवण्यासारखं आहे, कारण ती वाट आखणाऱ्याने 'सहलीला आलेला माणूस दुपारी दमेल' असा विचार केलेला नव्हता.

बेल्ट लावलाय ना, मग पडलो तर काय होतं?

आता त्या कमेंटकडे येऊ. सगळ्या लेखात हाच भाग नीट वाचावा अशी माझी विनंती आहे.

समजा दोन खुंट्यांमध्ये ४ मीटर अंतर आहे आणि कडा उभा आहे. तुम्ही वरच्या खुंटीला जवळपास पोचलात आणि पाय सुटला. तुमची कडी तारेला घट्ट बांधलेली नाही, ती तारेवर सरकते. त्यामुळे ती तुमच्याबरोबर खाली येते आणि थेट खालच्या खुंटीवर आदळून थांबते. तोवर तुम्ही ४ मीटर पडलात. पट्टा साधारण १ मीटरचा, तो ताणला जाईपर्यंत आणखी एक. एकूण ५ मीटर, म्हणजे दीड मजला, आणि हा सगळा झटका फक्त १ मीटर पट्ट्याने झेलायचा.

दोरीने कडा चढणारे याला फॉल फॅक्टर म्हणतात: पडलेलं अंतर भागिले ते झेलणाऱ्या दोरीची लांबी. दोरीच्या चढाईत अगदी वाईटात वाईट पडलात तरी हा आकडा २ च्या वर जात नाही, कारण जितकं जास्त पडाल तितकी जास्त दोरी झेलायला असते, आणि ती दोरी मुद्दाम ताणली जाईल अशी विणलेली असते. आपल्या उदाहरणात आकडा ५ आला. पोलादी तार ताणली जात नाही. साधा पट्टाही फारसा नाही. अशा झटक्यात पट्टा तुटतो, कडी वाकते, किंवा काहीच न तुटता कंबर आणि पाठीचा कणा तुटतो.

म्हणून 'आमच्याकडे हार्नेस आहे, दोन स्लिंग आहेत, कॅराबिनर आहेत, झालं की' हे चालत नाही. ट्रेकच्या ग्रुपमध्ये ही सूचना हमखास येते, आणि ती देणारा बहुधा सर्वांत अनुभवी असतो. स्लिंग म्हणजे शिवलेला साधा पट्टा. आपल्या रॉक पॅचवर, म्हणजे वाटेतल्या उभ्या कातळटप्प्यावर, एका जागी स्वतःला बांधून उभं राहायला तो उत्तम. सरकणाऱ्या कडीसाठी तो घातक.

वीया फेरातासाठीचा संच वेगळा असतो. हार्नेस आणि दोन पट्टे यांच्यामध्ये एक छोटी पिशवी असते. तिच्यात घडी घालून, घट्ट शिवून ठेवलेला पट्टा असतो. जोराचा झटका बसला की ती शिवण टाका टाका करत उसवते आणि माणूस एकदम न थांबता हळूहळू थांबतो. क्रिकेटमध्ये जोरात आलेला झेल घेताना हात मागे ओढतात, तेच काम ही शिवण करते. युरोपीय मानक ईएन ९५८ च्या २०१७ च्या आवृत्तीनुसार १२० किलोच्या माणसाला बसणारा झटका ६ किलोन्यूटनच्या आत, म्हणजे सुमारे ६०० किलो वजनाएवढ्या ओढीच्या आत, राहायला हवा. ४० किलोच्या माणसासाठी मर्यादा साडेतीन. शिवण जास्तीत जास्त २२० सेंटीमीटर उसवू शकते.

आता बेरीज करा. आधीचे ५ मीटर आणि वर हे सव्वादोन. सात मीटर खाली येताना वाटेत काय आहे? चुनखडीच्या पायऱ्या, कपारीची धार, लोखंडी सळ्या, कदाचित मागून येणारा माणूस. संचाने त्याचं काम चोख केलं तरी घोटा, गुडघा, डोकं यांची हमी तो देत नाही. म्हणून दोन खुंट्यांमध्ये एका वेळी एकच माणूस हा नियम आहे. आणि म्हणूनच तिकडचे गाइड पहिल्या दिवशी सांगतात: दोरीच्या चढाईत पडणं हा सरावाचा भाग असेल, इथे पडायचंच नाही. तो संच गाडीतल्या एअरबॅगच्या जातीचा आहे. उघडायची वेळ यावी अशी त्याची कुणाचीच अपेक्षा नसते, आणि एकदा उघडला की फेकून द्यायचा.

जुना संच, मित्राचा संच, सेकंड हँड संच याबद्दलही एक गोष्ट. २०१२ मध्ये ऑस्ट्रियाच्या तिरोल प्रांतात एक माणूस पडला आणि त्याच्या संचाचे दोन्ही पट्टे तुटले. ताणले जाणारे लवचिक पट्टे वापरून वापरून आतून झिजले होते. त्यानंतर अनेक कंपन्यांनी हजारोंच्या संख्येने संच परत मागवले आणि मानक कडक झालं. तेव्हा भाड्याने घेताना लेबलवरचं वर्ष बघा, आणि दुकानदार हसला तरी बघा.

मुलांबद्दल: ४० किलोपेक्षा हलक्या मुलाच्या वजनाने शिवण नीट उसवतच नाही, झटका तसाच बसतो. त्याला वरून वेगळ्या दोरीने धरणारा जाणकार माणूस हवा. 'आमचा बाळू गड चढतो' हे इथे उत्तर नाही.

मग तार कशाकशापासून वाचवते?

खरं सांगायचं तर एकाच गोष्टीपासून: पाय घसरल्यावर थेट दरीत जाण्यापासून. तिथे ती अनमोल आहे. बाकी डोंगर तारेला विचारत नाही.

वरून दगड येतो. बऱ्याचदा तो वरच्या माणसाच्या बुटाने सुटलेला असतो. हेल्मेट त्यासाठी, सेल्फीसाठी नव्हे.

वीज पडते. उन्हाळ्यात या भागात सकाळ स्वच्छ आणि दुपारनंतर गडगडाट, हा नेहमीचा क्रम. शिखरापासून पायथ्यापर्यंत पोलादी तार ओढलेल्या धारेवर तुम्ही तिला बांधलेले असाल तर काय, ते सांगायला नको. उपाय एकच आहे, पहाटे निघून दुपारच्या आत उतरणं. उशिरा उठणाऱ्यांनी केबल कारने वर जाऊन कॉफी प्यावी. दृश्य तेवढंच छान असतं.

आणि बर्फ. मार्मोलादाची उत्तर बाजू डोलोमाइट्समधल्या सर्वांत मोठ्या हिमनदीने झाकलेली होती. 'होती' म्हणायचं, कारण विसाव्या शतकाच्या सुरुवातीच्या तुलनेत आता तिचा बराच थोडा भाग उरलाय. युद्धातली ती बर्फातली नगरी केव्हाच वितळली. तिच्यातल्या फळ्या, डबे, काटेरी तारा आता उघड्या पडतात. २ जुलै २०२२ ला शिखरावर तापमान १० अंशांच्या आसपास गेलं होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी पुन्ता रोक्का शिखराखालचा हिमखंड तुटला. आत वितळून साचलेल्या पाण्याने त्याला तळातून सैल केलं होतं. खाली नेहमीच्या वाटेवरून माणसं चालली होती.

ती माणसं वीया फेरातावर नव्हती, हे खरं. पण पश्चिम धारेची वाट कशी जाते बघा. फेदाया तलावाकडून वर यायचं, हिमनदीच्या काठाने २९०० मीटरच्या आसपासची खिंड गाठायची, मग धारेवर तार, वर पुन्ता पेनिया हे मार्मोलादाचं सर्वांत उंच टोक, आणि उतरायचं बहुतेक जण नेहमीच्या वाटेने, म्हणजे हिमनदीवरून. दिवसाचा मधला तुकडा तारेवर, दोन्ही टोकं बर्फावर. म्हणून तिथे फेराताच्या संचाबरोबर दोरी, बुटाला लावायचे काटे आणि बर्फकुऱ्हाडही लागते. बर्फ मागे सरकला की तारेचा पायथाही उघडा पडतो. काल बर्फावरून सहज धरता येणारी पहिली खुंटी आज डोक्यावर असते, आणि खाली सुटा घसारा. याच बाजूची पियान देई फियाकोनी ही निवाऱ्याची जागा डिसेंबर २०२० मध्ये हिमलोटाने उद्ध्वस्त केली.

या उन्हाळ्यात वाट उघडी आहे का, हे मागच्या वर्षीच्या व्हिडिओवरून ठरवू नका. खाली गावात गाइड लोकांच्या कचेरीत विचारा.

'पण याला काय गिर्यारोहण म्हणायचं?'

दोरीने चढणारी मंडळी असं नाक मुरडतात. लोखंडाला धरून चढायचं तर जिना काय वाईट, असा त्यांचा सूर असतो. इटलीतही हा वाद जुना आहे. मला त्यात फार रस नाही. ज्यांना टोमॅसनबाईंसारखं जायचंय त्यांनी दक्षिण कड्याने जावं, तो तसाच उभा आहे. माझा आक्षेप असलाच तर उलट बाजूने आहे: लोखंड दिसलं की माणूस डोंगराकडे बघणं सोडतो. ढग कुठे आहेत, पाणी किती उरलंय, परतीला किती वेळ, हे दोरीवाला आपोआप विचारतो. तारेवाला पुढच्या खुंटीपुरता जगतो. आणि बहुतेक अवघड तारांवर मधून मागे फिरणं चढण्यापेक्षा कठीण असतं.

जायचंच असेल तर

जुलै ते सप्टेंबर हा हंगाम. पहिल्या वेळी ए किंवा बी श्रेणी, तीही गाइडबरोबर. लागाझुओईचे बोगदे ही सुरुवातीला चांगली जागा आहे, इतिहासही भरपूर. हातमोजे न्या, तारेचे तुटके धागे तळहातात घुसतात. विम्याची पॉलिसी शेवटच्या पानापर्यंत वाचा. साध्या प्रवास विम्यात दोरी किंवा साधनं वापरून केलेली चढाई वगळलेली असू शकते, आणि इटलीच्या काही प्रांतांत जखम नसताना हेलिकॉप्टरने उतरवावं लागलं तर बिल येतं. मदतीचा नंबर ११२.

शनिवार-रविवारी ऑगस्टमध्ये जाऊ नका. कळसूबाईची रविवारची शिडी आठवा, म्हणजे कारण सांगायला नको.

सह्याद्रीत अशा तारा लावाव्यात का?

हा प्रश्न आता आपल्याकडेही विचारला जातो. तसं बघितलं तर कळसूबाईला शिड्या आहेत, रतनगडाला आहेत, कितीतरी गडांवर रेलिंग आहेत. त्यांचा उपयोग होतो, म्हाताऱ्या माणसांना देवीला जाता येतं. पण वीया फेराता म्हणून, म्हणजे लोकांना कड्यावर चढवायचं या हेतूने, तारा लावायच्या तर प्रश्न वेगळा होतो.

पहिली अडचण खडकाची. बेसॉल्ट कणखर, पण आपल्या कड्यांत त्याच्या थरांमध्ये मऊ लाल मातीसारखे पट्टे असतात. तिथे खुंटीचा भरवसा नाही. दुसरी पावसाची. चार महिने धो धो पाण्यात लोखंड गंजतं, आणि खुंटी आतून गंजली तर बाहेरून कळत नाही. तिकडे या वाटांची देखभाल कुणाकडे आहे हे ठरलेलं असतं, तपासणी होते, खराब झालेली वाट बंद करतात. आपल्याकडे शिडी कुणी बसवली याची पाटी असते. तपासली कधी, याची पाटी मला अजून दिसायची आहे.

तिसरी अडचण इतिहासाची, आणि इथे डोलोमाइट्सचा दाखला उलटा पडतो. तिथल्या बऱ्याच वाटा युद्धाने घडवल्या. आपल्याकडे १८१८ नंतर इंग्रजांनी गडांच्या वाटा आणि पायऱ्या सुरुंगांनी तोडल्या, म्हणून अलंग-मदनला आज दोर लागतो. हरिहरच्या कातळातल्या पायऱ्या वाचल्या, आणि त्या कुठल्याही लोखंडापेक्षा चांगल्या आहेत: हात घालायला खोबणी, पाय टेकायला पायरी, सगळं त्याच दगडात. डोलोमाइट्स २००९ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहेत. २०२५ मध्ये आपले रायगड, राजगड, साल्हेर असे गडही त्या यादीत गेले. संरक्षित गडाच्या कातळात ड्रिल चालवणं कायद्यातही बसत नाही आणि बसू नये असंच माझं मत आहे.

गडांवर नसलेला, नीट तपासलेला एखादा कडा असेल, गावाच्या लोकांच्या हातात त्याचं काम आणि उत्पन्न असेल, पावसाळ्यात तो बंद राहील आणि दर हंगामाआधी प्रत्येक खुंटी ओढून बघितली जाईल, तर माझी हरकत नाही. त्या कड्याखाली फलक लावताना कोणाच्या हस्ते उद्घाटन झालं ते खाली बारीक अक्षरांत लिहा, आणि शेवटची तपासणी कोणत्या तारखेला, कोणी केली ते वर, मोठ्या.